दारातला आवाज उशिरा का पोहोचतो?
घरगुती सुरक्षा कॅमेरे व व्हिडिओ डोअरबेलमधील ध्वनिविलंब : कारणे आणि उपाय

दारावरचे बटण दाबले जाते, मोबाइलवर घंटा वाजते आणि पडद्यावर कुरिअरवाला दिसतो. घरातील व्यक्ती 'कोण आहे?' असे विचारते. पडद्यावरचा माणूस काहीच बोलत नाही. ती पुन्हा विचारते आणि नेमक्या त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर येऊन आदळते. दोघांचे बोलणे एकमेकांवर पडते, दोघेही थांबतात, मग दोघेही एकदमच बोलू लागतात. तोवर कुरिअरवाला 'दार बंद' असा शेरा मारून जिना उतरलेला असतो.

पार्सल दुसऱ्या दिवशी येते. त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु ही यंत्रे बहुतेक घरांत पार्सलसाठी बसवलेली नसतात. दुपारी घरी एकटे असणारे आजी-आजोबा, शाळेतून आधी घरी परतणारी मुले, गुडघ्यांमुळे दारापर्यंत चार वेळा ये-जा करणे ज्यांना झेपत नाही असे रुग्ण यांच्यासाठी ती घेतलेली असतात. दारात उभा असलेला माणूस खरोखर गॅसवाला आहे की आणखी कोणी, याचा निर्णय दोन वाक्यांच्या संभाषणावर घ्यायचा असतो. त्या संभाषणातच तीन सेकंदांची दरी पडली, तर वैतागून दार उघडले जाते आणि यंत्र बसवण्याचा हेतूच संपतो.

दारात कोण आहे ते पाहायचे आणि दार न उघडता त्याच्याशी बोलायचे, ही कल्पना काही स्मार्टफोनच्या जमान्यातील नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने पती आल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार झरोके, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, आत पडदा आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय असे तिचे स्वरूप होते. त्यात आवाज दारापासून खोलीपर्यंतच प्रवास करीत असे. आजच्या डोअरबेलमधील आवाज मात्र दारातून राउटरकडे, राउटरकडून कंपनीच्या सर्व्हरकडे, तेथून मोबाइल कंपनीच्या जाळ्यात आणि शेवटी दहा पावलांवर बसलेल्या माणसाच्या हातातील मोबाइलवर, असा वळसा घालून येऊ शकतो. विलंबाचे मूळ या वळशात आहे. वळशाच्या कोणत्या टप्प्यावर वेळ जातो हे कळल्याखेरीज केलेला खर्च बहुधा वाया जातो. दुकानदार नवा राउटर सुचवतो, इंटरनेटवाला जास्त वेगाची योजना सुचवतो आणि कॅमेरा बसवणारा नवा कॅमेरा. तिघांपैकी एखादाच बरोबर असतो.

तक्रार एक, दुखणी तीन

'आवाज उशिरा येतो' या एकाच तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. पहिल्यात चित्र वेळेवर दिसते, पण आवाज मागे राहतो. ओठ हलून जातात आणि शब्द नंतर ऐकू येतात. दुसऱ्यात चित्र व आवाज यांचा मेळ बरोबर असतो, परंतु दोन्हीही प्रत्यक्ष घटनेच्या काही सेकंद मागे असतात. तिसऱ्यात ऐकू येते ते ठीक, पण आपण बोललेले दारापर्यंत उशिरा पोहोचते किंवा वाक्याचे पहिले दोन शब्द गिळले जातात. तिन्हींची कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे.

विलंब किती असला म्हणजे खटकतो, याची मापे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने घालून दिलेली आहेत. दूरध्वनी संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेकांना तो जाणवत नाही. ४०० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ नये, असे जी.११४ ही शिफारस सांगते. चित्र आणि आवाज यांच्या मेळासंबंधी याच संघाची १९९८ ची दूरचित्रवाणीविषयक शिफारस आहे. तीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाच्या लक्षात येतो, पण १२५ मिलिसेकंद मागे राहिला तरच लक्षात येतो. या विषमतेत नवल नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे नदीकाठी कपडे आपटताना दिसणे आणि तो आवाज नंतर ऐकू येणे याची आपल्या मेंदूला सवय आहे. आधी आवाज आणि मग चित्र, असे निसर्गात कधी घडत नाही.

वाटी-चमच्याची चाचणी

कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी विलंब मोजून घ्यावा. त्यासाठी दोन मोबाइल, एक स्टीलची वाटी आणि एक चमचा पुरेसा आहे.

पहिल्या मोबाइलवर कॅमेऱ्याचे अ‍ॅप उघडून थेट दृश्य लावावे. बोलण्याचे बटण बंद ठेवावे, नाहीतर कर्कश शिटी घुमू लागते. ब्लूटूथ इयरफोन काढून टाकावेत, कारण त्यांच्यामुळेच दीड-दोनशे मिलिसेकंदांची भर पडू शकते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या ऐकिवात असलेल्या दोन-तीन 'बिघाडां'चे मूळ निव्वळ एवढेच निघाले. आता हा मोबाइल दाराजवळ धरून दुसऱ्या मोबाइलने असा व्हिडिओ घ्यावा की त्यात खरी वाटी आणि पहिल्या मोबाइलचा पडदा दोन्ही दिसतील. कॅमेऱ्यासमोर वाटीवर चमचा एकदाच मारावा. नंतर हा व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला, तर तीन क्षण सापडतात : वाटीवर प्रत्यक्ष चमचा लागला तो, पडद्यावर तो लागताना दिसला तो, आणि मोबाइलमधून 'टण्ण' ऐकू आले तो. पहिल्या आणि दुसऱ्यातील अंतर हा चित्राचा विलंब, पहिल्या आणि तिसऱ्यातील अंतर हा आवाजाचा विलंब. दुसऱ्या-तिसऱ्यातील अंतर म्हणजे दोघांमधील बेमेळ. सेकंदाला ३० चौकटींच्या व्हिडिओत एक चौकट सुमारे ३३ मिलिसेकंदांची, इतका हिशेब पुरतो.

हीच चाचणी चार प्रकारे करावी. एकदा मोबाइल घरच्या वाय-फायवर ठेवून, एकदा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर, एकदा रात्री नऊच्या सुमारास सोसायटीतील सारी घरे इंटरनेटवर असताना, आणि शेवटी त्याच प्रसंगाचे साठवलेले चित्रण पाहून. या शेवटच्या चाचणीचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा आहे. साठवलेल्या चित्रणातही आवाज मागे असेल, तर दोष बहुधा कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये. इंटरनेट बदलून काही होणार नाही. साठवलेले चित्रण व्यवस्थित असून फक्त थेट दृश्यात गडबड असेल, तर दोष वाटेत किंवा मोबाइलमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट पाहावी. अ‍ॅप उघडल्याबरोबर विलंब किती आणि अर्ध्या तासाने किती? तो स्थिर राहत असेल तर कारण एक. वाढत जात असेल आणि अ‍ॅप बंद करून उघडताच नाहीसा होत असेल तर दुसरेच. या दुसऱ्या प्रकाराकडे पुढे वळू.

दारापासून राउटरपर्यंत

विलंबाचा मोठा वाटा पुष्कळदा पहिल्या काही फुटांतच असतो. आपल्याकडील फ्लॅटची रचना पाहिली तर हे सहज पटते. फायबरची तार ज्या खोलीत आली तेथे, नाहीतर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे राउटर असतो. डोअरबेल मुख्य दाराच्या बाहेर. मध्ये आरसीसीचा कॉलम, लोखंडी पत्र्याचे किंवा जाळीचे सेफ्टी डोअर, आणि कित्येकदा राउटर व दार यांच्या बरोबर मधोमध लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा. धातू आणि सळ्यांचे काँक्रीट रेडिओलहरींना अडवते, हे सर्वांना ठाऊक असते. फक्त राउटर ठेवताना आठवत नाही.

लहरी क्षीण झाल्या की माहितीची पुडकी हरवतात आणि ती पुनःपुन्हा पाठवावी लागतात. येथे आवाजाचे दुखणे सुरू होते. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचा दाखला घ्या. नगरपालिकेचे पाणी कमीजास्त दाबाने येते, मधेच जाते. तरी नळाला धार सारखी राहते, कारण टाकीत साठा असतो. मोबाइलमधील अ‍ॅपही आवाजाचा असाच थोडा साठा करून मग तो वाजवू लागते. पुरवठा जितका बेभरवशाचा तितकी टाकी मोठी ठेवावी लागते आणि तितका आवाज उशिरा ऐकू येतो. चित्रातील एखादी चौकट गळाली तर डोळा चालवून घेतो, पण आवाजातील तुटकपणा कानाला लगेच बोचतो. म्हणून काही अ‍ॅपमध्ये चित्र पुढे सोडून आवाज मात्र राखून ठेवला जातो आणि 'ओठ आधी, शब्द नंतर' हे दृश्य दिसते.

उपाय येथूनच सुरू करावेत, कारण ते बहुतांशी फुकट आहेत. अनेक अ‍ॅपमध्ये यंत्राच्या माहितीच्या पानावर वाय-फायची ताकद उणे आकड्यात दाखवलेली असते. उणे ६० डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर काळजी नाही. उणे ७० किंवा त्याहून खाली (म्हणजे उणे ७५, उणे ८०) असेल तर बाकी सर्व उपाय बाजूला ठेवून आधी हेच सुधारावे. राउटर टीव्हीमागून काढून दाराच्या रेषेत, उंचावर आणि मोकळ्यावर ठेवल्याने पडणारा फरक पुष्कळदा नव्या राउटरच्या तोडीचा असतो.

बहुतेक डोअरबेल २.४ गिगाहर्ट्‍झ पट्ट्यावरच चालतात. हा पट्टा भिंती भेदण्यात सरस, पण गर्दीने भरलेला. एका मजल्यावर चार बिऱ्हाडे, प्रत्येकाचा राउटर, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. राउटर 'ऑटो'वर न ठेवता यांपैकी जी सर्वांत मोकळी असेल ती निवडावी आणि वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्‍झ ठेवावी. घरातील टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्‍झवर हलवले की जुना पट्टा डोअरबेलसाठी मोकळा होतो. स्वस्त रिपीटर घेण्याचा मोह मात्र आवरावा. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुन्हा बोलणारा रिपीटर वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो आणि विलंबात भर घालतो. त्याऐवजी राउटरपासून दाराजवळच्या हॉलपर्यंत नेटवर्कची तार ओढून तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे.

बंगल्याच्या फाटकावरील किंवा शेतघराच्या आवारातील कॅमेऱ्यासाठी तर वाय-फायचा नादच सोडलेला बरा. एकाच तारेतून वीज आणि माहिती नेणारी पीओई पद्धत १०० मीटरपर्यंत चालते आणि पावसाळ्यातही तिच्यात चढउतार होत नाहीत. खर्च खोदाईचा असतो, तारेचा नव्हे.

बॅटरीवरील डोअरबेलचा प्रश्न निराळा. वीज वाचवण्यासाठी ती बहुतांश वेळ झोपलेली असते. हालचाल जाणवली किंवा बटण दाबले की जागी होते, वाय-फायशी नव्याने बोलणी करते आणि मग चित्र पाठवू लागते. त्यात एक ते काही सेकंद जातात आणि पाहुण्याचे पहिले वाक्य हरवते. हा दोष नव्हे, त्या यंत्राचा स्वभाव आहे. शक्य असेल तेथे तारेने वीज पुरवावी. अनेक मॉडेलमध्ये तशी सोय असते, पण वीज जोडूनही यंत्र कायम जागे राहते का, हे माहितीपत्रकात तपासून घ्यावे.

कॅमेऱ्याच्या पोटात

आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कॅमेऱ्यांत बहुधा दोन आढळतात. दूरध्वनीसाठी १९७२ मध्ये प्रमाणित झालेली जी.७११ ही पद्धत सेकंदाला ८००० नमुने घेते आणि त्यांच्यावर फारशी प्रक्रिया न करता पाठवते. एएसी ही नवी पद्धत कानाला गोड, परंतु ती १०२४ नमुन्यांचा गठ्ठा जमेपर्यंत थांबते. सेकंदाला १६ हजार नमुने असतील तर एक गठ्ठा ६४ मिलिसेकंदांचा, ८ हजार असतील तर १२८ मिलिसेकंदांचा. आणि असे एकाहून अधिक गठ्ठे हाताशी असावे लागतात. तेव्हा संभाषणासाठी कॅमेरा वापरायचा असेल आणि सेटिंगमध्ये निवड असेल तर जी.७११ घ्यावी. दारातले बोलणे ऐकायचे आहे, तेथे गाण्याची मैफल नाही. ओपस ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत कमी विलंब आणि चांगला आवाज असे दोन्ही साधते. ती उपलब्ध असल्यास अर्थातच उत्तम.

चित्राची सेटिंगही आवाजावर परिणाम करतात. एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीत प्रत्येक चौकट पूर्ण पाठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण चौकट आणि मधल्या काळात फक्त बदल पाठवले जातात. अ‍ॅप उघडल्यावर पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत मोबाइलला वाट पाहावी लागते. 'आय-फ्रेम इंटरव्हल' या नावाने ही मुदत सेटिंगमध्ये असते. सेकंदाला १५ चौकटी असतील तर ती १५ किंवा ३० ठेवावी, म्हणजे एक ते दोन सेकंदांत पूर्ण चौकट मिळते. साठवणीची जागा वाचवणारे 'स्मार्ट' किंवा 'प्लस' नावाचे प्रकार ही मुदत लांबवतात. संभाषणाच्या कॅमेऱ्यावर ते बंद ठेवावेत. मोबाइलवर पाहताना मुख्य प्रवाहाऐवजी कमी आकाराचा उपप्रवाह निवडला तर अशक्त वाय-फायवरचे ओझे उतरते. जुन्या मोबाइलला एच.२६५ उलगडणे जड जाते, तेथे एच.२६४ करून पाहावे.

आता वाढत जाणाऱ्या विलंबाविषयी. याची कारणे मुख्यतः दोन. कॅमेरा हरवलेले प्रत्येक पुडके पुन्हा पाठवीत राहिला आणि अ‍ॅपने मागे पडलेला साठा टाकून न देता सगळा ओळीने वाजवायचा ठरवला, तर प्रत्येक अडथळ्यागणिक थोडा थोडा उशीर साचत जातो. दुसरे कारण घड्याळाचे. सेकंदाला ८००० नमुने असे म्हटले तरी कॅमेऱ्यातील स्फटिक आणि रेकॉर्डरमधील स्फटिक अगदी एकाच गतीने चालत नाहीत. दहा लाखांत ५० इतका फरक नगण्य वाटतो. पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर तो ४.३ सेकंद होतो. चांगल्या यंत्रांत हा फरक वेळेच्या खुणांवरून वरचेवर मिटवला जातो. जेथे तसे होत नाही तेथे कॅमेऱ्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे, कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोन्हींत नमुन्यांची संख्या व कोडेक एकच ठेवावे आणि दोघांची घड्याळे एकाच एनटीपी सर्व्हरला जोडावीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच रेकॉर्डरला जोडलेल्या सोसायट्यांत हे दुखणे विशेष आढळते.

घराबाहेरचा प्रवास

घरच्या वाय-फायवर विलंब नाही आणि मोबाइल डेटावर आहे, असे चाचणीत आढळले तर पुढे वाचावे. नसल्यास हा भाग सोडला तरी चालेल.

कॅमेरा आणि मोबाइल यांनी शक्य तेथे थेट एकमेकांशी बोलावे, अशी बहुतेक अ‍ॅपची योजना असते. परंतु मोबाइल कंपन्या आणि अनेक ब्रॉडबँड कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. दोन्ही टोके अशा पडद्यामागे असली की थेट गाठ पडत नाही आणि सारी वाहतूक कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत होते. तो सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला की आणखी दूर, यावर विलंब ठरतो. अ‍ॅपची नोंदणी करताना देश म्हणून भारत निवडलेला आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यात तो बऱ्याचदा वेगळा असतो.

दुसरा प्रश्न घरातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या कोंडीचा. मोबाइलवरील फोटोंचा साठा क्लाउडवर चढत असेल किंवा चार कॅमेरे सतत बाहेर चित्रण पाठवीत असतील, तर राउटरमध्ये पुडक्यांची रांग लागते आणि वेगाचा आकडा उत्तम दिसूनही आवाज रांगेत तिष्ठत राहतो. त्यामुळे 'आमचे तर १०० एमबीपीएस आहे' हे विधान येथे निरुपयोगी ठरते. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम अशी सोय असल्यास डोअरबेलला अग्रक्रम द्यावा. नसल्यास फोटो चढवण्याची वेळ रात्री उशिराची ठेवावी.

कॅमेऱ्याचे चित्र स्मार्ट स्पीकरच्या पडद्यावर किंवा टीव्हीवर पाहणाऱ्यांना काही सेकंदांचा विलंब नेहमीच दिसतो, कारण तेथे चित्रण अनेकदा लहान तुकडे करून पाठवले जाते आणि निदान दोन-तीन तुकडे साठल्याशिवाय सुरू होत नाही. तो पडदा पाहण्यासाठी ठेवावा. बोलण्यासाठी मोबाइल उचलावा.

एका 'उपाया'बद्दल स्पष्ट इशारा द्यायला हवा. विलंब घटवण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडून कॅमेरा थेट इंटरनेटवर ठेवण्याची युक्ती काही तंत्रज्ञ अजूनही सुचवतात. सुचवणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. असेच उघडे पडलेले, मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर हाताशी धरून मिराई या घातक प्रणालीने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. घरातील कॅमेरा बाहेरून थेट पाहायचाच असेल तर घरच्या राउटरवर व्हीपीएन बसवून पाहावा.

मुलगा न्यू जर्सीत आणि आई पुण्यात, अशा कुटुंबांना आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. दोन्ही ठिकाणांतील हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे सरळ रेषेत तार असती तरी एका दिशेला ६२ मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात समुद्राखालच्या तारांचा मार्ग वळणावळणाचा असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत दोनशे मिलिसेकंद सहज उलटतात. कोणताही राउटर हा वेळ कमी करू शकत नाही.

आपले बोलणे दारापर्यंत

तिसऱ्या दुखण्याचे, म्हणजे आपला आवाज उशिरा पोहोचण्याचे, कारण बऱ्याचदा यंत्राच्या रचनेतच असते. स्वस्त डोअरबेलमध्ये एका वेळी एकाच दिशेने आवाज जातो. बटण दाबले की दारातला मायक्रोफोन बंद होतो आणि स्पीकर सुरू होतो. ही अदलाबदल होईपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. बटण दाबून क्षणभर थांबून मगच बोलावे. दोन्ही दिशांनी एकदम बोलता येणाऱ्या यंत्रात प्रतिध्वनी काढून टाकण्याची प्रक्रिया चालू असते. स्पीकरचा आवाज कमाल पातळीवर असेल तर ती गोंधळते आणि आवाज तुटू लागतो. तो थोडा कमी करून पाहावा. मोबाइलचा बॅटरी बचत प्रकार या अ‍ॅपपुरता बंद ठेवावा, नाहीतर घंटेची सूचनाच उशिरा येते.

समोरच्याचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून मायक्रोफोनची संवेदनशीलता वाढवण्याकडे कल असतो. तेथे शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच एका शेजारवादात निकाल देताना, चित्रापेक्षाही दूरवरचे बोलणे टिपणारा आवाज अधिक आक्षेपार्ह असल्याचे म्हटले होते. समोरासमोर दारे असलेल्या आपल्या चाळी-फ्लॅटमध्ये तर ही गोष्ट आणखीच नाजूक.

चित्रण पुरावा ठरणार असेल तर

चोरी, धमकी किंवा मारहाणीच्या प्रसंगी हेच चित्रण पोलीस ठाण्यात द्यावे लागते. आवाज दोन सेकंद मागे असेल तर अमुक शब्द कोणी उच्चारला, धक्का आधी की शिवी आधी, यावरच वाद उभा राहू शकतो. अशा वेळी आवाज जुळवून 'दुरुस्त' केलेली प्रत तयार करून मूळ फाइल पुसून टाकणे ही घोडचूक ठरेल. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. समजून घेण्यापुरती ती व्हीएलसी प्लेअरमध्ये लावल्यास जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे करता येतो आणि फाइलला धक्का लागत नाही. रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे, याची त्याच दिवशी नोंद करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. प्रमाणपत्राचा आग्रह त्यापूर्वीही होता. जालना मतदारसंघातील निवडणूक वादात, म्हणजे अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ही अट बंधनकारक असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता आणि त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण पुढे आले होते. चित्रणातील वेळेला किती वजन येऊ शकते, ते यावरून दिसते.

उरलेला विलंब

वरील उपाय केल्यावर चांगल्या तारजोडणीच्या घरात थेट दृश्याचा विलंब अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणता येतो. मोबाइल डेटावर एक-दीड सेकंद उरला तर ते समाधानकारक मानावे. बॅटरीच्या डोअरबेलला त्यात जागे होण्याचा वेळ मिळवावा लागेल. म्हणून व्हिडिओ डोअरबेल बसवताना जुनी साधी घंटा काढून टाकू नये, असे आमचे मत आहे. घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर मुळीच नाही. इंटरनेट बंद असो, वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू होत असो, तारेची घंटा तत्क्षणी वाजते. आणि दाराचे भिंग, साखळी यांना पासवर्ड लागत नाही. अनेक यंत्रांत 'कृपया थांबा, येत आहे' असा संदेश ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय असते. एका स्पर्शाने वाजणारा असा संदेश यंत्रातच साठवलेला असला, तर आपल्या बोलण्याइतका तो वाटेत रखडत नाही. पाहुणा थांबतो आणि पुढच्या प्रश्नोत्तरांना सवड मिळते. घरातल्यांनीही प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत मोजण्याची सवय लावावी.

एवढे करूनही साठवलेल्या चित्रणातच आवाज मागे राहत असेल तर यंत्र सदोष मानून तक्रार करावी. तक्रारीत 'आवाज बरोबर येत नाही' इतकेच लिहिल्यास राउटर बंद करून सुरू करा, हे ठरावीक उत्तर येते. त्याऐवजी मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक, वाय-फायची उणे आकड्यातील ताकद, वाटीच्या चाचणीतील तिन्ही अंतरे आणि तो व्हिडिओ सोबत जोडावा. खरेदीची पावती व वॉरंटीची मुदत हाताशी ठेवावी. कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.